जून 1944 : एकच महिना, अनेक रणभूमी. सेनापती तोलायचा कशावर?

दुर्बीण

दुसऱ्या महायुद्धावर गप्पा निघाल्या की थोड्याच वेळात 'सर्वोत्तम सेनापती कोण' ही यादी सुरू होते. रोमेल, झुकोव्ह, पॅटन, मॉन्टगोमेरी. कुणीतरी उशिरा, ब्रह्मदेश आघाडीवर ब्रिटिश-भारतीय 14वं सैन्य चालवणाऱ्या स्लिमचं नाव घेतं. मला या याद्या पटत नाहीत. रोमेलला लिबियाचं वाळवंट मिळालं. तिथे वस्ती नाही, दक्षिणेची बाजू उघडी आणि रणगाड्यांना वळसा घालायला मोकळं रान. स्लिमला ब्रह्मदेशाच्या सीमेवर चिखल, बांबूची दाट बेटं आणि एका खेचरापुरत्या वाटा मिळाल्या. या दोघांना एका फूटपट्टीने कसं मोजणार?

म्हणून वेगळा प्रयत्न करू या. एकच महिना घेऊ, जून 1944. 4 तारखेला अमेरिकी सैन्य रोममध्ये शिरलं. 6 ला नॉर्मंडी. 15 ला पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर अमेरिकी मरीन उतरले. 18 ला चीनमधलं चांगशा जपान्यांनी घेतलं. आणि 22 जूनला, एकाच दिवशी, दोन गोष्टी घडल्या. इंफाळच्या बाजूने येणारी भारतीय 5वी डिव्हिजन आणि कोहिमाकडून येणारी ब्रिटिश 2री डिव्हिजन 109व्या मैलाच्या दगडाजवळ भेटल्या आणि इंफाळचा वेढा उठला. तिकडे बेलारूसमध्ये सोव्हिएत सैन्याने ऑपरेशन बाग्रातिओन सुरू केलं.

या महिन्यातल्या दोन पराभवांचा मी बराच विचार केला आहे.

पहिला कोहिमाचा. जपानी 31व्या डिव्हिजनचा प्रमुख सातो कोतोकू सुमारे तीन आठवड्यांचं धान्य घेऊन चिंदविन नदी ओलांडून आला. 15व्या सैन्याचा प्रमुख मुतागुची याचा हिशेब असा की तेवढ्यात इंफाळ पडेल आणि ब्रिटिशांच्या कोठारांवर पुढचं भागेल. सोबत हजारो गुरं हाकलत नेली होती. त्यांतली कित्येक नदीत आणि डोंगरांत गेली. इंफाळ पडलं नाही. सातो संदेशांमागून संदेश पाठवत राहिला की धान्य नाही, दारूगोळा नाही. वरून उत्तर एकच, ठाण मांडा. मे महिना संपता संपता त्याने कोर्ट मार्शलची धमकी डावलली आणि डिव्हिजन मागे घेतली. त्याला खटला हवाच होता, कारण तिथे सगळं बोलता आलं असतं. खटला झालाच नाही. त्याला मानसिक रुग्ण ठरवून बाजूला केलं.

त्याहून भयंकर भाग पुढे आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुतागुची आणि त्याचा वरिष्ठ कावाबे यांची भेट झाली. मोहीम फसली हे दोघांनाही कळलं होतं. दोघेही 'थांबवू या' म्हणाले नाहीत. आपल्या चेहऱ्यावरून कावाबेने ओळखावं अशी अपेक्षा होती, असं मुतागुचीने युद्धानंतर सांगितलं. प्रत्यक्ष आदेश निघायला जुलै उजाडला. तोवर मुसळधार पाऊस होता आणि माणसं वाटेवर मरत होती. मोहिमेवर निघालेल्या सुमारे 85,000 पैकी 30,000 च्या आसपास गेले, बहुतेक भुकेने आणि आजाराने.

दुसरा पराभव बेलारूसचा. जर्मन आर्मी ग्रुप सेंटरचा प्रमुख फील्ड मार्शल बुश. हिटलरचा हुकूम होता की व्हितेब्स्क, ओर्शा, मोगिलेव्ह, बोब्रुइस्क ही शहरं 'किल्ले' समजून शेवटपर्यंत लढवायची. सेनाधिकारी माघारीची परवानगी मागत राहिले आणि बुश त्यांना तोच हुकूम वाचून दाखवत राहिला. 28 जूनला त्यालाही काढलं, पण तेव्हा व्हितेब्स्कमधली कोअर (अनेक डिव्हिजनांची मोठी तुकडी) संपली होती आणि 9वं सैन्य बोब्रुइस्कभोवती अडकलं होतं. 3 जुलैला मिन्स्क पडलं.

एक जंगलात, एक मैदानात आणि दलदलीत. हवामान, शस्त्रं, शत्रू, सगळं वेगळं. तरी दोन्हीकडे खालून वर जाणारी खरी बातमी मधेच कुठेतरी अडली. माझं म्हणणं असं की रणभूमी कुठलीही असो, सेनापतीची पहिली पारख हीच. हाताखालचा माणूस 'हे होणार नाही' म्हणाला तर पुढे काय होतं?

तुमची मतं लिहा. विरोधी असतील तर जरूर लिहा.

काळी माती

दुर्बीण, मांडणी आवडली, पण एक मोठी अडचण आहे. सातोने हुकूम मोडला आणि तुमच्या मते बरोबर केलं. मग त्याच आठवड्यातला, इटलीतला अमेरिकी सेनापती मार्क क्लार्क?

मे 1944 च्या अखेरीस इटलीतल्या अँझिओच्या किनाऱ्यावरून अमेरिकी 6वी कोअर बाहेर पडली. वरिष्ठ सेनापती अलेक्झांडरचा आदेश स्पष्ट होता. व्हालमोंतोनेला जाऊन महामार्ग 6 तोडायचा, म्हणजे कासिनोकडून मागे येणारं जर्मन 10वं सैन्य कोंडीत सापडेल. क्लार्कने बहुतेक ताकद तिथून काढून रोमकडे वळवली. कोअर कमांडर ट्रस्कॉटने विरोध केला आणि मग हुकूम पाळला. 4 जूनला क्लार्क रोममध्ये होता. दोन दिवसांनी नॉर्मंडीने वर्तमानपत्रांचं पहिलं पान घेतलं. 10वं सैन्य निसटलं. इटलीतला जर्मन सरसेनापती केसरलिंगने ते सावरून उत्तरेकडे टप्प्याटप्प्याने लढत नेलं आणि इटलीतली लढाई पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत चालली.

म्हणजे हुकूम मोडण्याची मोकळीक असणं हा गुण धरला तर क्लार्कला गुण द्यावे लागतील. मी तयार नाही. कासिनोत आपली 4थी डिव्हिजन फेब्रुवारी-मार्चमध्ये रक्तबंबाळ झाली होती, पोलंडची माणसं मेमध्ये त्या डोंगरावर मेली होती. त्या सगळ्याचं फळ व्हालमोंतोनेला होतं.

माझ्या मते पारख दुसरीच हवी. माणसं कशासाठी खर्च होत आहेत हे सेनापतीला शेवटपर्यंत दिसत होतं का?

दुर्बीण

काळी माती, क्लार्कबद्दल पूर्ण सहमत. पण मी हुकूम मोडण्याला गुण देत नाही. सातो आधी महिनाभर उघडपणे वर कळवत होता. क्लार्कने अलेक्झांडरला अंधारात ठेवलं, हुकूम फिरल्यानंतर कळवलं. दोघांत फरक आहे तो इथे. तुमच्या उदाहरणातला ट्रस्कॉट मात्र मला जवळचा वाटतो.

तिसरं उदाहरण देतो. मे 1944, मॉस्को. बोब्रुइस्कवर हल्ला कसा करायचा यावर स्तालिनसमोर बैठक. सोव्हिएत सेनापती रोकोसोव्हस्की म्हणाला, दलदलीच्या दोन बाजूंनी दोन सारखेच जोरदार प्रहार. सोव्हिएत शिरस्ता एकाच मुख्य प्रहाराचा. त्याने आठवणींत लिहून ठेवलंय की त्याला शेजारच्या खोलीत जाऊन पुन्हा विचार करायला सांगितलं. दोनदा. तो परत आला आणि तेच म्हणाला. शेवटी स्तालिनने मान्य केलं.

हा माणूस 1937 मध्ये अटकेत गेला होता, तुरुंगात त्याचे दात पाडले होते, 1940 ला सुटला. त्याच स्तालिनसमोर त्याने तिसऱ्यांदा 'नाही' म्हटलं. त्याच्या इंजिनिअरांनी दलदलीतून लाकडी ओंडक्यांचे रस्ते टाकले, रणगाडे तिथून बाहेर पडले जिथे जर्मनांनी पहाराही विरळ ठेवला होता. 29 जूनला बोब्रुइस्क पडलं. त्याच दिवशी तो मार्शल झाला.

सांजवेळ

आठवणींतला प्रसंग आहे, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या सोयीचा असू शकतो, एवढं नोंदवते. काही अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली आहे. पण दोन प्रहारांची योजना आणि दलदलीतले रस्ते यांबद्दल वाद नाही.

खलाशी

धागा जमिनीवरच अडकलाय, म्हणून समुद्राकडे नेतो.

सायपानला 24 जूनला मरीन जनरल हॉलंड स्मिथने लष्कराच्या 27व्या डिव्हिजनच्या प्रमुखाला, राल्फ स्मिथला, ऐन लढाईत काढून टाकलं. कारण दिलं की डिव्हिजन मंद आहे. ही डिव्हिजन ज्या दरीतून चालत होती तिच्या दोन्ही बाजूंना जपानी गुहा आणि कडे होते. सैनिकांनी तिला मृत्यूची दरी नाव दिलं. पुढे लष्कराच्या चौकशी मंडळाने म्हटलं की काढण्याचा अधिकार होता, पण परिस्थिती पाहता ते समर्थनीय नव्हतं. त्यावरून लष्कर आणि मरीन यांच्यात वर्षानुवर्षं कडवटपणा राहिला.

वरवर पाहता हा दोन स्मिथांचा भांडणाचा विषय वाटतो. मुळाशी मात्र रणभूमीचा फरक आहे. मरीन बेटावर लढतात तेव्हा मागे समुद्रात त्यांचा आरमारी ताफा उभा असतो, आणि उभा ताफा म्हणजे पाणबुड्यांना आणि विमानांना आयतं लक्ष्य. प्रत्येक जादा दिवस जहाजांच्या जिवावर. म्हणून ते रेटून पुढे जातात, नुकसान सोसतात. लष्कराची शिकवण मोठ्या भूमीची. आधी तोफखाना, मग पायदळ, बाजू सांभाळून. दोन्ही शिकवणी आपापल्या जागी शहाणपणाच्याच. एका अरुंद बेटावर त्या शेजारी शेजारी आल्या आणि ठिणगी पडली.

त्याच महिन्यात तिथल्या अमेरिकी ताफ्याचा प्रमुख स्प्रुअन्सवरही टीका झाली. 18 जूनच्या रात्री विमानवाहू जहाजांचा प्रमुख मिट्शर पश्चिमेकडे जाऊन जपानी ताफ्यावर पहाटे हल्ला करू या म्हणत होता. स्प्रुअन्सने नकार दिला. सायपानच्या किनाऱ्यावरची माणसं उघडी पडतील, हे त्याचं कारण. दुसऱ्या दिवशी जपानी विमानं लाटांमागून लाटा आली आणि शेकड्यांनी पडली. जपानची तीन विमानवाहू जहाजं बुडाली, त्यांतली दोन अमेरिकी पाणबुड्यांनी बुडवली. बाकीची निसटली, म्हणून स्प्रुअन्सला बोल लावले गेले.

मला विचाराल तर त्या महिन्यातला सर्वांत जड निर्णय हाच होता. पाठलागाची हौस कुणाला नसते? पण तो तिथे उतरलेल्या माणसांना बांधील होता आणि हे तो विसरला नाही. काळी माती म्हणतात ती पारख इथे लागू करून पाहा.

रसदवाला

सगळे हुकुमांबद्दल बोलताय. मी पोटाबद्दल बोलतो.

ब्रह्मदेश आघाडीवर 1943 मध्ये एका जखमी माणसामागे 120 आजारी माणसं मागे आणावी लागत होती. हा आकडा खुद्द स्लिमने दिलेला आहे. मलेरिया, आमांश, स्क्रब टायफस. या वेगाने काही महिन्यांत सैन्यच उरलं नसतं. स्लिमने काय केलं? मलेरियाच्या रुग्णांना शेकडो मैल मागे न पाठवता आघाडीजवळच उपचार केंद्रं उभारली. आणि मेपॅक्रिन या मलेरियाविरोधी औषधाची गोळी रोज घेणं सक्तीचं केलं. अचानक तपासणी व्हायची, पलटणीतल्या प्रत्येकाची. 95 टक्क्यांहून कमी निघाले तर पलटणीच्या प्रमुखाची गच्छंती. तीन जणांना काढावं लागलं, मग बाकीच्यांना समजलं. माझ्या लेखी हे कुठल्याही बगल-हल्ल्याइतकंच मोठं सेनापतित्व आहे.

दुसरी गोष्ट विमानांची. फेब्रुवारी 1944 मध्ये आराकानात, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनारपट्टीवर, जपान्यांनी 7व्या भारतीय डिव्हिजनला वेढलं. आधीच्या दोन वर्षांत वेढा पडला की माघार हे ठरलेलं होतं. या वेळी हुकूम होता, जागा सोडायची नाही, अन्न आणि गोळ्या आकाशातून येतील. आल्याही. इंफाळला तर सुमारे दीड लाख माणसं विमानांवर जगली, आणि परतीच्या विमानांतून जखमी व बिनलढाऊ माणसं बाहेर काढली. रेशमी पॅराशूट पुरेनात, तेव्हा कलकत्त्याच्या गिरण्यांतून तागाची छत्री बनवून घेतली. स्वस्त, रंगाने वेगळी, आणि टाकून दिली तरी चालणारी.

आता सातोकडे पाहा. तीच टेकडी, तोच पाऊस, तोच महिना. एका बाजूला छत्रीने तांदूळ उतरतोय, दुसऱ्या बाजूला गवत उकळून खाताहेत. सातोने कितीही स्पष्ट 'नाही' म्हटलं असतं तरी मुतागुचीकडे त्याला द्यायला विमानंच नव्हती. त्यामुळे दुर्बीण, तुमची पारख अर्धी खरी आहे. वरच्याने ऐकलं तरी त्याच्या हातात काही हवं. सोव्हिएतांकडे अमेरिकेतून आलेले स्टुडबेकर ट्रक होते म्हणून बाग्रातिओनचा प्रहार मिन्स्कपर्यंत दमला नाही. रोकोसोव्हस्कीचा ठामपणा ट्रकांशिवाय दलदलीतच राहिला असता.

दुर्बीण

रसदवाला, विमानं नव्हती हे मुतागुचीला मार्चमध्येही माहीत होतं. त्याच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांनी रसदीचा आक्षेप मोहिमेआधीच घेतला होता आणि तो बाजूला सारला गेला. तुमचा मुद्दा माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही असं मला वाटतं.

रसदवाला

जातो. ऐकून घेतलं असतं तर मोहीम झालीच नसती, मान्य. पण ऐकून घेणाऱ्याला पर्याय असावा लागतो. 1944 मध्ये जपानकडे ब्रह्मदेशात थांबून राहण्यानेही काही साधणार नव्हतं. याउलट स्लिम 1942 मध्ये रंगूनपासून इंफाळपर्यंत सुमारे 900 मैल मागे आला तेव्हा त्याच्या पाठीशी अख्खा हिंदुस्थान होता. मागे येण्याची जागा असणं हीसुद्धा एक संपत्ती आहे.

घाटाखालचा

मी माणगाव तालुक्यातला. आमच्याकडे यशवंत घाडगे हे नाव शाळकरी मुलालाही माहीत असतं. माणगावला त्यांचा पुतळा आहे. तुमच्या जून 1944 नंतर थोड्याच दिवसांत, 10 जुलैला, इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते पडले. नाईक होते, 5व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या 3ऱ्या पलटणीत, वय 22. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावत गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजाच्या गोळ्या लागल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

हे इथे लिहिण्याचं कारण अभिमानाचं आहेच, पण धाग्याशी संबंधही आहे. घाडगेंची पलटण 10व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. 1941 मध्ये इराक, सीरिया आणि इराणमध्ये ही डिव्हिजन कुणाच्या हाताखाली होती? स्लिमच्या. आणि 1944 मध्ये इटलीत? डेनिस रीडच्या. हा रीड 1941 मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर याच 3ऱ्या मराठा पलटणीचा प्रमुख होता. पुढे 1942 च्या उन्हाळ्यात वाळवंटात ब्रिगेडसह पकडला गेला, इटलीत कैदेत राहिला, निसटला आणि डिव्हिजनचा प्रमुख होऊन त्याच देशात लढायला आला.

एकाच पलटणीचा प्रवास पाहा. केरेनचा उघडा खडक, आफ्रिकेचं वाळवंट, मग ॲपेनाइन्सचे ओढे आणि द्राक्षमळे. सेनापतींची तुलना करायची तर रणभूमी बदलली तेव्हा काय टिकलं हे इथे बघायला मिळतं. केरेनला सरळ चढावर हल्ले करून माणसं गेली होती. इटलीत 10व्या डिव्हिजनने रात्री, वाटा सोडून, उंच धारेवरून शत्रूच्या बगलेत उतरण्यावर भर दिला. रीडने केरेनचा चढ स्वतः पाहिला होता, हे मला त्यामागे दिसतं.

चौथी मराठा पलटण मात्र ब्रह्मदेश आघाडीवर होती. मार्च 1944 च्या शेवटच्या आठवड्यात मणिपूरमधल्या सांगशाकला 50व्या पॅराशूट ब्रिगेडसोबत ती लढली. खडकाळ जमीन, खंदक खणता येईनात, काटेरी तार नाही, पाणी अपुरं. 26 तारखेच्या रात्री माघारीचा हुकूम आला. पण सातोच्या डिव्हिजनचा एक भाग तिथे काही दिवस अडला आणि तेवढे दिवस कोहिमाला मिळाले. सातोचं धान्य मोजूनमापून होतं हे वर आलंच आहे. त्यातले दिवस सांगशाकला खर्च झाले.

निमजचे नामदेव जाधव यांचंही नाव घ्यायला हवं. 1ली मराठा पलटण, 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. जखमी साथीदारांना माऱ्यातून नदीपार नेलं, परत जाऊन मशीनगनी बंद पाडल्या. ते जगले.

सांजवेळ

घाटाखालचा, मनापासून आभार. हे वाचताना गलबलून आलं.

मला दोन गोष्टी जोडायच्या आहेत. स्लिमच्या सैन्याची पिछाडी म्हणजे बंगाल, आणि तिथे 1943 मध्ये लाखो माणसं उपासमारीने मेली. नौका काढून घेतल्या होत्या, तांदूळ आवाक्याबाहेर गेला होता, बाहेरून धान्य आणायला जहाजं दिली गेली नाहीत. ऑक्टोबर 1943 मध्ये व्हेव्हेल व्हाइसरॉय झाल्यावर लष्कराला धान्य वाटपाला लावलं. म्हणजे वाहतुकीची क्षमता होती, हुकूम नव्हता. 'हे चालणार नाही' असं बंगालमधून कितीतरी लोक वर सांगत होते. रणभूमींची तुलना करताना ही माणसं हिशेबात धरायलाच हवीत.

दुसरी गोष्ट, इंफाळला भारतीय दोन्ही बाजूंना होते. आझाद हिंद सेनेच्या तुकड्या मुतागुचीच्याच रसदीवर, किंबहुना तिच्या उष्ट्यावर होत्या. 14 एप्रिलला मोइरांगला तिरंगा फडकवला. त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने आणि कापसाने भरलेलं फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं, शेकडो माणसं गेली. मांडवीच्या आसपासची जुनी घरं अजून ती आठवण सांगतात. आघाडी फक्त आघाडीवर नव्हती.

काळी माती

सांजवेळ यांच्या मुद्द्याला धरून. आपण ज्यांची नावं घेतोय त्यांत भारतीय सेनापती एकही नाही, कारण तिथवर कुणाला पोचूच दिलं नव्हतं. अडीच दशलक्ष माणसांचं सैन्य, आणि भारतीय अधिकारी जास्तीत जास्त पलटणीचे प्रमुख. जानेवारी 1945 मध्ये आराकानात कांगावला 51व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी भारतीयांच्या हाताखाली लढल्या. आपले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. त्यानंतर थिमय्यांना ब्रिगेड मिळाली. लढाईच्या परीक्षेत उतरायलाच ज्यांना 1945 उजाडावं लागलं, त्यांची तुलना रोमेलशी कशी करणार?

रसदवाला

दुर्बीण, एक सरळ प्रश्न. तुमच्या पारखेत स्लिम स्वतः बसतो का? त्याने वरच्याला कधी 'नाही' म्हटलं?

दुर्बीण

म्हटलं. मे 1945. रंगून नुकतंच हाती आलं होतं. वरिष्ठ ऑलिव्हर लीस अक्याबला आला आणि म्हणाला, तुम्ही थकला आहात, 14वं सैन्य दुसऱ्याकडे देतो, मलायाची मोहीम ते करतील, तुम्ही ब्रह्मदेशातली साफसफाई पाहा. स्लिमने त्रागा केला नाही, पण दुय्यम जागा घेणार नाही, निवृत्त होईन असं सांगितलं. बातमी खाली गेली आणि 14व्या सैन्याच्या मुख्यालयात खळबळ उडाली. लंडनला ब्रिटिश लष्करप्रमुख ब्रूक संतापला, दिल्लीला भारतीय सैन्याचा सरसेनापती ऑकिनलेकलाही हे मान्य नव्हतं. काही आठवड्यांत लीसलाच काढलं आणि त्या जागेवर स्लिमला नेमलं.

आणि त्याच्या हाताखालच्यांचं? नोव्हेंबर 1940 मध्ये सुदानच्या सीमेवर गल्लाबातला त्याची ब्रिगेड मागे आली होती. जमलेल्या अधिकाऱ्यांत मतभेद होते, आणि त्याने सावध सल्ला निवडला. पुढे त्याने लिहिलं की दोन पर्याय सारखे वाटले तर धाडसाचा निवडायचा, हे तो तिथे शिकला. तो धडा पुढे दिसतो. फेब्रुवारी 1945 मध्ये मंडालेसमोर एक कोअर दाखवत ठेवून दुसरी गुपचूप दक्षिणेला पाकोक्कूजवळ इरावती पार नेली आणि मार्चच्या सुरुवातीला मेइक्तिला घेतलं. शत्रूची सगळी रसद त्याच गावातून जात होती.